हरणांचा उपद्रव आणि रायफलीची निवड

पीक दोन-चार पानांवर आलें, कीं आमच्या राणीसावरगांवच्या शिवारांत एक प्रश्न दर वर्षीं नव्यानें निघतो. हरणांसाठीं रायफल घ्यावी तर कोणती, किती बोअरची, आणि ती आपल्या ऐपतींत बसेल काय? गंगाखेड तालुक्याचा हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांस लागून आहे. माळ, गायरान आणि पिकाची जमीन एकमेकांस खेटून असल्यामुळें जनावरांस आसरा व चारा दोन्ही जवळच सांपडतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे व सोयाबीनचीं पहिलीं पानें एका रात्रींत खुडलीं जातात, आणि दुबार पेरणीचें बीं उधारीवर आणावें लागतें. अशा वेळीं माणसाचें मन बंदुकीकडे वळलें तर त्यांत नवल नाहीं.

परंतु रायफल ही तिफण किंवा फवारणीचा पंप नव्हे, कीं दुकानांत जाऊन चार नमुने पाहिले आणि एक उचलून आणला. तिची निवड दुकानांत होत नसून शेतांतील खुरांच्या ठशापासून सुरू होते. जनावर कोणतें, कायदा त्याविषयीं काय म्हणतो, हत्यार कसें असतें आणि एकंदर खर्च किती, हीं चार पावलें क्रमानें टाकलीं तरच उत्तर सांपडतें. तीं येथें एकेक करून पाहूं.

१. जनावर कोणतें?

आपण बोलण्यांत सरसकट "हरणें" म्हणतों. पण त्या एका शब्दाखालीं दोन निराळीं कुळें येतात. चितळ, सांबर, भेकर हीं सारंग कुळांतलीं. यांच्या नरांचीं शिंगें दर वर्षीं गळतात व पुन्हां येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय हीं कुरंग कुळांतलीं. यांचीं शिंगें जन्मभर तींच राहतात. हा भेद केवळ पुस्तकी नाहीं. पीकनुकसानीच्या भरपाईविषयींच्या शासननिर्णयांतही "हरीण (सारंग व कुरंग)" असेच शब्द आहेत.

आपल्या उघड्या माळावर कळपानें दिसणारें हरिण तें बहुधा काळवीट होय. नर वरून काळा, पोटाशीं पांढरा, शिंगें पिळाचीं. मादी पिंगट व बहुधा बिनशिंगाची. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन पस्तीस-चाळीस किलोंच्या आसपास. खूर लहान व पुढें टोंकदार, म्हणून ठसाही बारीक उमटतो. रोही याहून फार मोठा. मोठ्या नराचें वजन दोनशें किलोंवर जातें, आणि तो ठराविक जागींच पुन्हां पुन्हां लेंड्या टाकतो. त्या ढिगावरून त्याचा वावर ओळखतां येतो. रानडुक्कर रात्रीं येतें, पीक खाण्यापेक्षां उकरून अधिक नासतें, आणि ओल्या मातींत त्याच्या मुख्य खुरांमागें दोन लहान खुरांचेही ठसे उमटतात.

सकाळीं ठसा नीट पाहून उपद्रव कोणाचा तें ठरवावें. पुष्कळदां दोष हरणांवर येतो आणि नासधूस डुकरानें केलेली असते. पुढील सगळा विचार या एका निदानावर अवलंबून आहे.

२. कायदा काय म्हणतो?

जुने लोक शिकारीच्या गोष्टी सांगतात त्या खोट्या नाहींत. मुंबई राज्याच्या १९५१ सालच्या कायद्यांत शिकारीचे परवाने होते, आणि १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आला तेव्हांही कांहीं जातींसाठीं परवान्याची वाट मोकळी होती. १९९१ सालच्या दुरुस्तीनें ती बंद झाली. तेव्हांपासून हौसेची शिकार या देशांत बेकायदेशीर आहे.

काळवीट व चिंकारा हीं त्या कायद्याच्या परिशिष्ट १ मध्यें आहेत. या परिशिष्टांतील जनावर माणसाच्या जिवास धोकादायक झालें, किंवा जखम वा रोगानें बरें होण्यापलीकडे गेलें, तरच राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक त्यास मारण्याचा लेखी हुकूम देऊं शकतो. पीक खाल्लें हें कारण तेथें चालत नाहीं. गुन्हा शाबीत झाल्यास किमान तीन व कमाल सात वर्षें कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. शिवाय हत्यार व वाहन सरकारजमा होऊं शकतें, बंदुकीचा परवाना रद्द होऊं शकतो आणि पुढें पांच वर्षें नवा परवाना मिळण्यास अपात्र ठरविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. १९९८ सालच्या काळवीट-शिकारीच्या प्रकरणांत जोधपूरच्या न्यायालयानें ५ एप्रिल २०१८ रोजीं एका नामांकित सिनेनटास पांच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर पुढें अपील झालें. वीस वर्षें कोर्टाच्या पायऱ्या चढण्याची ताकद किती कास्तकारांत आहे, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

रोही व रानडुक्कर हीं आतां परिशिष्ट २ मध्यें आहेत. त्यांच्यापासून जीवितास अथवा मालमत्तेस धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी कारणें नमूद करून लेखी परवानगी देऊं शकतो. "मालमत्ता" या शब्दांत उभें पीक येतें, असें कायद्यांतच लिहिलें आहे. महाराष्ट्रांत अशा परवानगीची व्यवस्था आहे, आणि अर्ज वनक्षेत्रपालाकडे करावयाचा असतो. मारलेलें जनावर मात्र सरकारचें होतें. त्याचें मांस घरीं नेतां येत नाहीं.

आणखी एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. फांसे लावणें, विष घालणें, सापळ्यांत धरणें हेंही कायद्याच्या व्याख्येंत "शिकार"च आहे. कमी शक्तीच्या .१७७ च्या एअरगनला परवाना लागत नाहीं हें खरें. पण तिनें हरिण जखमी केलें तरी गुन्हा तोच.

तात्पर्य, शेतांत येणारें जनावर काळवीट असेल तर कायदेशीर बोअर एकही नाहीं. तेथें प्रश्नच संपतो. उपद्रव डुकराचा किंवा रोहीचा असेल आणि लेखी परवानगी हातीं असेल, तेव्हांच हत्याराचा विचार सुरू होतो.

३. बोल्टची रायफल म्हणजे काय?

साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. तिच्यांतून बहुधा छर्रे सुटतात. रायफलीच्या नळींत पिळाचे आटे असतात, त्यामुळें गोळी भोंवऱ्याप्रमाणें स्वतःभोंवतीं फिरत जाते व दूरवर नीट रेषेंत राहते. बोल्टच्या रायफलींत नळीचें मागचें तोंड दाराच्या कडीसारख्या एका दांड्यानें बंद होतें. दांडा वर उचलणें, मागें ओढणें, पुढें सारणें, खालीं पाडणें, या चार हालचालींत रिकामें काडतूस बाहेर पडतें व नवें आंत बसतें. भाग थोडे, रचना साधी व कुलूप पक्कें, म्हणून हा प्रकार टिकाऊ, अचूक आणि इतर रायफलींच्या मानानें स्वस्त असतो. जर्मनीची १८९८ ची माउझर आणि इंग्रजांची ली-एनफील्ड हीं याचीं जुनीं प्रसिद्ध घराणीं होत.

जुनी रायफल पाहण्याचा प्रसंग आल्यास नळी आंतून उजेडाकडे धरून पाहावी. आटे झिजलेले किंवा गंजाचे खड्डे पडलेले असल्यास ती कितीही स्वस्त असो, घेऊं नये. बोल्ट सैल वाजतो काय, चाप हलक्या धक्क्यानें सुटतो काय, दस्त्यास चीर आहे काय, हें जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें. रायफलीवरील नंबर आणि कागदावरील नंबर एकच आहे याची खात्री आधीं करावी; व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फत व परवाना अधिकाऱ्याच्या नोंदीनेंच व्हावा.

४. बोअर आणि काडतूस

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचें माप. रायफलीचें माप बहुधा इंचाच्या अंशांत सांगतात: .३१५ म्हणजे सुमारें ८ मिलीमीटर. "३०-०६" मध्यें ३० हें इंचाचे शतांश, आणि ०६ हें काडतुसाचें साल, म्हणजे १९०६. १२ बोअरची गोष्ट निराळी आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळींत बरोबर बसेल ती १२ बोअर. म्हणून तेथें आंकडा वाढला कीं नळी लहान होते.

आपल्या देशांत .३१५ हीच बोअर इतकी कां पसरली, याचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्रजी अमलांत .३०३ हें फौजेचें काडतूस होतें. तें खासगी माणसाच्या हातीं पडूं नये म्हणून ८ मिलीमीटरच्या जुन्या मानलिकर काडतुसावरून.३१५ तयार झालें. .३०३ आजही सामान्य परवान्यावर मिळत नाहीं, आणि .३१५ मिळते. इच्छापूरच्या सरकारी कारखान्यानें ली-एनफील्डच्या धर्तीवर पांच काडतुसांची .३१५ ची बोल्टची रायफल काढली, आणि तिचीं काडतुसें आपल्या पुण्याजवळच्या खडकी येथील कारखान्यांत होऊं लागलीं. १८६९ सालीं निघालेला हा खडकीचा कारखाना २०२१ च्या फेररचनेनंतर म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

.३१५ ची गोळी जड, सुमारें १६ ग्रॅमची, आणि वेग सेकंदास साडेसहाशें मीटरांच्या आसपास. ३०-०६ ची गोळी दहा ते बारा ग्रॅमची, पण वेग आठशें मीटरांवर. म्हणून ती अधिक सपाट व दूर जाते. परदेशी बनावटीच्या रायफलींची आयात सामान्य माणसास मोकळी नसल्यामुळें येथें आधींपासून असलेल्या जुन्या परदेशी रायफलींस भलतीच किंमत येते, आणि त्यांचीं काडतुसें वेळेवर मिळत नाहींत. सबब, ज्यास कायदेशीर कारणासाठीं रायफल घ्यावयाचीच आहे त्यास आपल्याकडे स्वस्त व काडतुसास सुलभ अशी देशी .३१५ हीच पहिली ठरते.

अमेरिकेंत गेलेले आप्त कधीं सांगतात, कीं तिकडे हरणासाठीं .२४३, .३०८ असल्या बोअरच्या रायफली सहज विकत मिळतात. तें खरें आहे. इतकेंच काय, टेक्सास प्रांतांत १९३२ च्या सुमारास आपलें काळवीट नेऊन सोडलें गेलें, आणि तेथें त्याची रीतसर शिकार चालते. पण तें जनावर तेथें पाहुणें आहे. येथें तें मूळचें रहिवासी असून त्याचे माळ आक्रसत चालले आहेत. तिकडची निवड इकडे उपयोगी पडत नाहीं.

५. पीकरक्षणासाठीं परवाना कशाचा?

येथें एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्यें पीकरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तो ठासणीच्या बंदुकीसंबंधीं आहे. ठासणीची पुरेशी नाहीं अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारांत १२ बोअर, देतां येते. आट्यांच्या रायफलीस ही वाट नाहीं. तिच्यासाठीं निराळें सबळ कारण दाखवावें लागतें. म्हणजे पिकासाठीं बोल्टची रायफल मागणाऱ्याचा अर्ज पहिल्या पायरीवरच अडखळतो.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे जातो, पोलिसांचा अहवाल येतो, शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घ्यावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पांच वर्षें झाली व एका माणसास दोनच हत्यारें ठेवतां येतात. निवडणूक आली कीं हत्यार ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात. आणि अलीकडे निवडणुका रब्बीच्या तोंडावर आल्या, तर ऐन राखणीच्या दिवसांत बंदूक घरीं नसते. हाही विचार करून ठेवावा.

६. सुटलेली गोळी कोठें जाते?

३०-०६ सारख्या रायफलीची गोळी वर धरून सुटली तर चार-पांच किलोमीटर जाऊं शकते. लहान .२२ ची गोळीही दीड मैलांपर्यंत धोकादायक असते. आपल्या शिवारांत या अंतरांत किती वस्त्या, किती आखाडे, किती गुराखी आणि किती रात्रींचे पाणी देणारे येतात, तें मोजून पाहावें. डुक्कर रात्रीं येतें. अंधारांत ज्वारीच्या ताटांमागें काय आहे तें दिसत नाहीं. १२ बोअरच्या मोठ्या छऱ्यांचा खरा उपयोग तीस-चाळीस मीटरांपर्यंतच, आणि पुढें त्यांचा जोर झपाट्यानें ओसरतो. कायद्यानें पीकरक्षणास गुळगुळीत नळी कां नेमली, याचें कारण यांत सहज दिसतें.

सरकारनें परवानगी दिलेल्या ठिकाणींही हें काम सरावलेल्या नेमबाजांकडून करवितात. बिहारमध्यें डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनें कांहीं जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर यांस ठराविक मुदतीपुरतें उपद्रवी ठरविलें, आणि २०१६ सालीं मोकामा भागांत रोही मारण्यास बाहेरून नेमबाज आणावे लागले. गांवांत असा परवानाधारक व सरावलेला माणूस असेल, तर परवानगीच्या कामांत त्याचें साहाय्य घेणें हें प्रत्येकानें नवी रायफल घेण्यापेक्षां पुष्कळ बरें.

७. पैसा आधीं कोठें घालावा?

एक हिशेब मांडूं. समजा, तीन एकर हरभरा आहे, एकरीं सहा क्विंटल येतो, आणि जनावरांनीं पांचवा हिस्सा नासला. नुकसान ३.६ क्विंटलचें झालें. २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामाचा हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५६५० रुपये होता. त्या दरानें २०,३४० रुपये गेले. लहान कास्तकारास ही रक्कम थोडी नव्हे. एका मुलीच्या वर्षाच्या शिक्षणाचा खर्च तींतून निघतो. पण तेवढ्यांत नवी रायफल येत नाहीं. तिजवर काडतुसें, शुल्क, हेलपाटे आणि कुलुपाची पेटी यांचा खर्च निराळाच. आणि इतकें करून काळविटावर ती उचलतां येत नाहीं.

तोच पैसा कुंपणाकडे वळवावा. सौर कुंपणाचें यंत्र सेकंदास सुमारें एक असा क्षणभराचा झटका देतें; दाब मोठा पण ऊर्जा थोडी, त्यामुळें जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. चार-सहा शेजाऱ्यांनीं मिळून एकच गट वेढला तर एकरीं खर्च पुष्कळ उतरतो, कारण कुंपण बांधावर लागतें, क्षेत्रावर नव्हे. एक एकराचा चौरस वेढण्यास सुमारें २५४ मीटर तार लागते; सोळा एकरांचा चौरस वेढण्यास सुमारें १०१८ मीटर. क्षेत्र सोळापट, तार चौपटच. मात्र घरगुती विजेची तार कुंपणास कधींही जोडूं नये. तिनें शेजाऱ्याचा मुलगा मेला तर कुंपण घालणारा मनुष्यवधाच्या खटल्यांत उभा राहतो.

आपल्या वाडवडिलांची युक्तीही विसरूं नये. ज्वारीभोंवतीं करडईच्या कांटेरी तासांचा पट्टा पेरण्याची चाल मराठवाड्यांत जुनी आहे. ती गुरांस थोपविते, हरणांसही कांहीं अंशीं आवरते, आणि वर तेल देते. पीक कोवळें असतें ते पहिले तीन-चार आठवडे आळीपाळीनें माळ्यावरची राखण ठेवली तर बरेंचसें नुकसान टळतें.

इतकें करूनही नुकसान झालें तर भरपाई मागावी. ती भीक नव्हे. महसूल खात्याच्या कागदांत वर्षें घालविल्यावर एवढें खात्रीनें सांगतों, कीं दावा शेतांत हरत नाहीं, कागदावर हरतो. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांचे आंत नजीकच्या वनाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. पंचनामा होईतों नासलेला भाग नांगरूं नये. ठसे व पिकाचीं छायाचित्रें काढून ठेवावींत. २०२१ पासून पीकपाहणी आपणच भ्रमणध्वनीवर नोंदवावयाची असते. ती नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीकच नाहीं, आणि जें पीक कागदावर नाहीं त्याचें नुकसान सिद्ध करणें फार अवघड जातें.

गांवानें मिळून आणखी मोठी मागणी करावी. मध्य प्रदेशांत २०२५ सालीं शाजापूर व आसपासच्या शेतशिवारांतून हेलिकॉप्टरनें कळप हांकून, आफ्रिकेंतील "बोमा" पद्धतीच्या नरसाळ्यासारख्या वाड्यांत कोंडून, आठशेंहून अधिक काळविटें जिवंत पकडलीं व दूरच्या जंगलांत सोडलीं. तेथें एकही गोळी सुटली नाहीं आणि कळप मात्र शेतांतून गेले. ग्रामसभेच्या ठरावानें असें काम आपल्या जिल्ह्यांतही मागतां येईल.

सारांश

(१) आधीं ठसा ओळखावा, मग उपाय ठरवावा. (२) काळवीट व चिंकारा यांवर कोणतेंही हत्यार उचलूं नये. (३) रोही व डुक्कर यांसाठीं लेखी परवानगी आधीं, बंदूक नंतर. (४) पीकरक्षणास कायद्याची वाट ठासणीची किंवा १२ बोअरची आहे, रायफलीची नाहीं. (५) इतर कायदेशीर कारणानें रायफल घेणारास देशी .३१५ ही काडतुसासह सर्वांत सोयीची. (६) पहिला पैसा सामाईक कुंपणावर, पहिला वेळ पीकपाहणीच्या नोंदीवर खर्च करावा.

रायफल एकट्याची असते, कुंपण चौघांचें. यंदाच्या पेरणीपूर्वीं बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यांनीं एकदां एकत्र बसून आपापल्या तारेचा हिशेब मांडावा, एवढीच विनंती आहे.